चेक इंजिनचा दिवा येतो-जातो, जास्त करून घाटातच. २०१३ ची पेट्रोल गाडी, आधी काय बघू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टोबर २०१३ ची, पेट्रोल, बाराशे सीसी, चार सिलिंडर, बीएस४, एमएच-१२ पासिंग. पप्पांनी नवी घेतलेली, ते आता चालवत नाहीत म्हणून माझ्याकडे आली. रनिंग ९४ हजार. मी साताऱ्यात राहते, कामासाठी पुण्याला जाणं-येणं चालूच असतं.

गेल्या पावसाळ्यापासून मीटरवरचा तो पिवळा इंजिनचा दिवा कधी लागतो कधी जातो. लागला की दोन-तीन दिवस राहतो आणि मग एखाद्या सकाळी चावी फिरवून स्टार्ट केली की नसतोच. ब्लिंक होत नाही, सरळ पेटलेला राहतो. गाडी आजपर्यंत कधी बंद पडलेली नाही, सकाळी एका सेल्फमधे स्टार्ट होते, अ‍ॅव्हरेज थोडं कमी झालंय असं वाटतं पण पक्कं सांगता येणार नाही. बहुतेक वेळा पुणे-सातारा वाटेवरच्या खंबाटकी घाटात लागलाय, एकदा घराजवळच्या चढावर. लागायच्या आधी सेकंड गिअरमधे पिकअप जरा बसल्यासारखा होतो आणि एक हलका झटका येतो, मग पुन्हा नीट.

गॅरेजला दाखवली तेव्हा स्कॅनर लावला, म्हणाले एक कोड होता तो क्लियर केला, कुठला होता ते ना बिलावर ना त्यांच्या लक्षात. परत नेली तेव्हा दिवा विझलेला होता तर म्हणाले आता काही दाखवत नाही. आता म्हणतायत ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकू, पार्ट आणि मजुरी धरून आठ हजाराच्या आसपास जाईल. पैसे घालायला माझी ना नाही पण सेन्सरच गेलाय हे कशावरून ते कुणीच सांगत नाही, "या गाड्यांना तोच जातो" एवढंच उत्तर. पप्पा म्हणतात विकून टाक, पंधरा वर्षं होत आलीच. मला विकायची नाही, बॉडीला कुठे गंज नाही, गिअरबॉक्स छान आहे, आणि खरं सांगायचं तर जीव आहे या गाडीवर. कुठून सुरुवात करू?

ठाणेकर_७७

ई२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं), दुसरं काही नाही. आमच्या सोसायटीत जुन्या गाड्या असलेल्या सगळ्यांची हीच रड आहे. २०१३ ची गाडी ई२० साठी बनवलेलीच नाही. एक-दोनदा इथेनॉल नसलेलं महागडं प्रीमियम पेट्रोल टाकून बघा, दिवा गेला तर उत्तर मिळालं.

पाना_बारा

ताई आधी बॉनेट उघडून वायरिंग बघा, विशेषतः बॅटरीच्या खालचा भाग आणि इंजिनच्या मागची फायरवॉलकडची बाजू. पावसाळ्यापासून म्हणताय म्हणून सांगतो, पाऊस सुरू झाला की उंदीर गरम बॉनेटखाली येऊन बसतात. माझ्या भावाच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरची वायर अर्धी कुरतडलेली होती, खड्ड्यात हादरा बसला की दिवा, हादरा संपला की ठीक. लेंड्या दिसतात का, वायरवरची काळी टेप फाटलेली दिसते का बघा. आणि इंजिन चालू ठेवून एकेक कपलर (वायरींचा जोड) हाताने हलवून बघा, आयडलिंग बदललं की तिथेच आहे समजा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, ओढणी लांब ठेवा, पंखा कधीही आपोआप चालू होतो.

उद्यमनगर

ताई, मी कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, रोज हेच करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आता कुणालाही कोड क्लियर करू देऊ नका. कुणालाही म्हणजे कुणालाही, मलासुद्धा नाही. कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम जाते आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनने शिकून ठेवलेलं फ्युएल ट्रिमही (पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडायचं तो हिशोब) शून्यावर येतं. फ्रीझ फ्रेम म्हणजे ज्या क्षणी फॉल्ट पकडला त्या क्षणी गाडी किती स्पीडला होती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती, हे ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) टिपून ठेवलेलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टमधे हाच एकमेव साक्षीदार असतो आणि गॅरेजवाले पहिल्या मिनिटात त्यालाच घालवतात. फार राग येतो मला या गोष्टीचा, कारण मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा हातात काहीच नसतं आणि मधे तीन पार्ट बदलून झालेले असतात.

दुसरं, दिवा विझला म्हणजे फॉल्ट गेला असं नाही. बहुतेक फॉल्ट लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमधे (गाडी चालू करून चालवली आणि बंद केली की एक सायकल) दिसला तर दिवा लागतो, पहिल्या वेळी तो पेंडिंग म्हणून आत नोंदवला जातो, दिवा लागत नाही. नंतर लागोपाठ तीन सायकल तो तपास होऊन फॉल्ट दिसला नाही तर दिवा विझतो. पण कोड आतमधे राहतो, साधारण ४० वॉर्म-अप सायकल (थंड इंजिन पूर्ण गरम झालं की एक) होईपर्यंत. म्हणजे तुमचा दिवा दोन-तीन दिवसांनी जातो ते अगदी नियमाप्रमाणेच आहे, तेवढे दिवस तुम्ही घाट चढला नाहीत एवढाच त्याचा अर्थ. दिवा विझलेला असताना "काही दाखवत नाही" असं कुणी म्हणालं तर एकतर कोड आधी पुसलेला होता किंवा त्यांनी फक्त चालू फॉल्ट बघितले, स्टोअर्ड आणि पेंडिंग बघितलेच नाहीत.

तुमची गाडी ऑक्टोबर २०१३ ची बीएस४ आहे हे बरं झालं. आपल्याकडे बीएस४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने आपले फॉल्ट स्वतःच तपासून नोंदवायची व्यवस्था) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या तीन वर्षांत ओबीडी-१ होतं, त्यात मुख्यतः वायर तुटली, शॉर्ट झाली एवढंच बघायचे. तुमच्या गाडीत मिक्श्चर, मिसफायर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) सगळ्याची नोंद मिळायला हवी.

तर एक ब्लूटूथचा ईएलएम३२७ वाला अ‍ॅडॅप्टर घ्या, हजाराच्या आत-बाहेर मिळतो. अगदी स्वस्तातले बरेच नकली असतात आणि जुन्या प्रोटोकॉलला बोलत नाहीत, म्हणून परत करता येईल असा घ्या. स्टीअरिंगच्या खाली डॅशबोर्डला सोळा पिनचं सॉकेट असतं त्यात लावायचा, मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप टाकायचं. काम झालं की काढून ठेवा, तो कायम करंट खात राहतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरेल.

मला एवढं हवंय. स्टोअर्ड आणि पेंडिंग कोड, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, आणि गरम इंजिनवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, एकदा आयडलला आणि एकदा हायवेला एकसारख्या ऐंशीच्या स्पीडला. हायवेचं रीडिंग गाडी चालवताना बघू नका, शेजारी कुणाला तरी बसवा. आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या पुढे पाईपवर छोटा सेन्सर आहे का बघा, म्हणजे गाडी मॅफ सेन्सरची (आत येणारी हवा थेट मोजणारा) की मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) ते कळेल, पुढचा तपास त्यावर ठरतो.

एक धोक्याचं. दिवा कधी ब्लिंक व्हायला लागला तर एक्सलेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. ब्लिंक म्हणजे इंजिन जोरात मिस मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो आठ हजारात येत नाही.

ठाणेकर साहेब, ई२० चा हात असू शकतो पण एकटा तो नसावा. इथेनॉलमधे ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते तर ई२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे ईसीयूला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. एवढं तो आपोआप सांभाळतो. दिवा लावायची हद्द बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. आणि पेट्रोलमुळे असतं तर ते सगळीकडे दिसलं असतं, फक्त चढावर नाही.

ठाणेकर_७७

हे टक्केवारीचं गणित माहीत नव्हतं, पटलं. पण मग पुण्याला जाताना पण लागतो का? तोही चढच आहे ना?

पाना_बारा

साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून जातो आपण, पुण्याहून येताना जुना घाट चढून येतो. ट्रकच्या मागे अडकलं की सेकंडशिवाय पर्याय नसतो. ताई, येतानाच लागतो का दिवा?

कृष्णाकाठ

हो हो, येतानाच! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी आपली खंबाटकी खंबाटकी म्हणत होते. घराजवळचा चढ पण असाच आहे, खडा, सेकंडमधेच घ्यावा लागतो.

अ‍ॅडॅप्टर मागवला आणि भावाला शेजारी बसवून पुण्याहून आले. दिवा लागला नाही पण पेंडिंगमधे कोड आला, पी०१७१, अ‍ॅपमधे लिहिलंय सिस्टीम टू लीन. स्टोअर्डमधे पण तोच आहे, मागच्या वेळचा, त्याची फ्रीझ फ्रेम मिळाली. स्पीड ३६, आरपीएम २९००, कूलंट ९३, लोड ७१ टक्के, शॉर्ट टर्म +१२, लाँग टर्म +१४. घरी आल्यावर आयडलला लाँग टर्म +६, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास वर-खाली. हायवेला ऐंशीला लाँग टर्म +७. एअर फिल्टरच्या डब्यावरच सेन्सर आहे, पाच वायरी आहेत, भाऊ म्हणाला मॅफ आहे. उंदराच्या खुणा कुठे नाहीत, कपलर हलवून पण काही फरक पडला नाही.

लीन म्हणजे पेट्रोल कमी पडतंय ना? मग पंप का? आणि ऑक्सिजन सेन्सरचं काय?

उद्यमनगर

वा ताई, एवढं रीडिंग गॅरेजमधून कधी मिळत नाही. आता बोलता येतं.

ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. तो बिचारा सांगतोय की सायलेन्सरमधे ऑक्सिजन जास्त येतोय, तक्रार सांगणारा तो आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. आयडलला शॉर्ट टर्म शून्याभोवती वर-खाली हलतंय म्हणजे सेन्सर जिवंत आहे आणि ईसीयू त्याचं ऐकतोय. खात्री करायची तर लाईव्ह डेटामधे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज बघा, गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ च्या मधे सारखा खाली-वर नाचायला हवा. एका जागी चिकटून बसला तर पुन्हा बोलू.

लीन म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, दोन्हीला कोड एकच. आमटीत पाणी वाढलं की मीठ वाढवावं लागतं तसं ईसीयू पेट्रोल वाढवत जातो, ते वाढवणं म्हणजे प्लसमधलं ट्रिम. तुमचं आयडल आणि हायवेचं +६, +७ हे ई२० चं समजा, ते सगळीकडे सारखं आहे. खरा प्रश्न त्या घाटातल्या २६ चा आहे, १२ आणि १४ मिळून.

आता एकेक संशयित बघू. इनटेक मॅनिफोल्डला किंवा ब्रेक बूस्टरच्या पाईपला व्हॅक्यूम लीक असतं तर ते आयडलला जास्त दिसलं असतं, कारण तिथे व्हॅक्यूम सर्वांत जास्त आणि इंजिनला लागणारी हवा सर्वांत कमी. तुमचं आयडल शांत आहे. मॅफ घाण झाला असता तर हवेचा फ्लो वाढेल तसं ट्रिम वाढत गेलं असतं, हायवेला पण थोडं तरी दिसलं असतं. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर लोडवर लीन होणारच, हा संशय खरा आहे, पण मग चौथ्या-पाचव्या गिअरमधे चढावर दाबून एक्सलेटर दिला तरी व्हायला हवं.

तुमचं होतं ते ३६ च्या स्पीडला २९०० आरपीएमवर, म्हणजे सेकंड गिअर. खालच्या गिअरमधे चढावर एक वेगळी गोष्ट होते, इंजिन स्वतःच्या माउंटवर (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं) मागे झुकतं. माउंट म्हातारे झाले की जास्तच झुकतं. एअर फिल्टरचा डबा बॉडीला पक्का असतो आणि थ्रॉटल बॉडी (एक्सलेटर दिला की हवेची वाट उघडणारी झडप) इंजिनवर, मधे घड्यांचा काळा रबरी होस. इंजिन झुकलं की तो होस ताणला जातो. बारा वर्षांच्या रबराला घडीच्या आत चीर असेल तर ती तेवढ्याच वेळ उघडते, मॅफने न मोजलेली हवा आत जाते, इंजिन लीन होतं, तुम्हाला झटका जाणवतो. एक्सलेटर सोडला की चीर बंद. गॅरेजमधे उभ्या गाडीत हे कधीच दिसणार नाही.

मॅप सेन्सरची गाडी असती तर मी हे म्हणालोच नसतो, त्यात थ्रॉटलच्या आधीच्या होसची चीर अशी लीन दाखवत नाही. म्हणून विचारलं होतं.

होस काढून हातात घ्या, दोन क्लॅम्प असतात फक्त. इंजिन थंड असताना. वरून बघून "चांगला आहे" म्हणू नका, प्रत्येक घडी बोटांनी फाकवून खालच्या बाजूने बघा, चिरा नेहमी खाली असतात जिथे नजर जात नाही. होस चांगला निघाला तर मग फ्युएल प्रेशर गेज लावून बघायला लावा, पंपावर एकदम उडी मारू नका.

पाना_बारा

माउंट बघायची सोपी पद्धत. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, ब्रेकवर पाय दाबून ठेवलेला, बॉनेट उघडा, आणि माहीतगार माणसाने फर्स्टमधे क्लच नुसता पकडायला लागेल एवढाच सोडायचा, लगेच दाबायचा. मग तसंच रिव्हर्समधे. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती डोलतं ते बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात उभं राहायचं नाही. थोडं हलणारच, पण दणका देऊन उसळत असेल तर माउंट गेलं. आयडलला स्टीअरिंग थरथरतं का हो ताई?

कृष्णाकाठ

थरथरतं, एसी लावला की जास्त. मला वाटायचं जुनी गाडी आहे, असेल.

आणि सापडलं! होस काढला, वरून अगदी नवा दिसत होता, खालून तिसरी घडी फाकवली तर जवळजवळ बोटाच्या पेराएवढी चीर. सोडला की मिटते, दिसत पण नाही. फोटो काढून पप्पांना दाखवला, ते बराच वेळ बघत बसले. माउंट पण बघितलं, फर्स्टमधे क्लच पकडला की इंजिन उसळतं, गिअरबॉक्सच्या बाजूचं रबर खालून फाटलंय.

ओरिजिनल होस मागवला, बाराशेच्या आसपास. तोपर्यंत काय करू, चिरेला टेप लावून चालवू का? माउंट सगळे बदलू की एकच? आणि कोड आता तरी पुसायचा ना?

उद्यमनगर

सापडलं हे वाचून फार बरं वाटलं ताई.

टेप तात्पुरती चालेल, पण आधी होस पेट्रोल न लावता साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, नाहीतर चिकटणार नाही, आणि घडी उघडी ठेवून बाहेरून गुंडाळा. होस आला की टेपवाला टाकून द्या. आतून फेविक्विक वगैरे लावू नका, त्याचा तुकडा सुटला तर थेट थ्रॉटलमधे जातो. मॅफच्या आतल्या तारेला बोट किंवा कापड लावू नका, साफ करायचाच असेल तर मॅफ क्लीनरचाच स्प्रे, ब्रेक क्लीनर नको.

माउंट जे फाटलंय ते तर बदलाच. बाकीच्यांचं रबर हाताने, पान्याने दाबून बघायला सांगा. एक गेलं की भार दुसऱ्यांवर येतो, त्यामुळे बहुतेक वेळा खालचा टॉर्क रॉडही (इंजिन झुकू नये म्हणून धरून ठेवणारा दांडा) बदलावा लागतो. पण नुसता होस बदलून माउंट तसंच ठेवलं तर नवा होसही त्याच जागी फाटेल, म्हणून दोन्ही कामं बरोबरच करा. लोकल माउंट घेऊ नका, रबर कडक असतं, आयडलची थरथर उलट वाढते.

कोड पुसायचा तो दोन्ही कामं झाल्यावर. आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुसल्यावर गाडी एकदोन दिवस नेहमीसारखी चालवा, ट्रिम पुन्हा शिकायला वेळ लागतो. मग भावाला घेऊन तोच घाट, तोच सेकंड गिअर. लाँग टर्म +६, +८ च्या आसपास राहिलं आणि पेंडिंगमधे काही आलं नाही तर झालं. तरीही चढावर वीसच्या पुढे गेलं तर होसच्या जोडीला पंपही कमजोर आहे असं समजून फ्युएल प्रेशर बघून घ्या.

कृष्णाकाठ

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. होस नवा, गिअरबॉक्सकडचं माउंट आणि खालचा टॉर्क रॉड नवा. खंबाटकी सेकंडमधे, ट्रकच्या मागे, एसी लावून चढले. लाँग टर्म +७, शॉर्ट टर्म तीन-चारच्या वर गेलं नाही. पेंडिंग रिकामं. झटका नाही. स्टीअरिंगची थरथर जवळपास गेली. फक्त एसी लावून सिग्नलला थांबलं की डाव्या बाजूने टक टक आवाज येतो, तो आधी नव्हता. माउंट बसवलं त्याच बाजूने. काळजीचं आहे का?

उद्यमनगर

माउंटचे बोल्ट टाईट करताना इंजिन जॅकवर उचललेलं असेल, त्यामुळे रबर पिळलेलं राहिलं असणार. परत घेऊन जा आणि सांगा की माउंटचे आणि टॉर्क रॉडचे बोल्ट सैल करा, जॅक काढून इंजिन आपल्या वजनावर बसू द्या, स्टार्ट करून अर्धा मिनिट आयडलला हलू द्या, बंद करा आणि मग शेवटचं टाईट करा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पार्ट बदलायला लागणार नाही. टाळू नका पण, बोल्ट सैल राहिला असेल तर ब्रॅकेटचं भोक मोठं होतं.